खांदेमळणी

मु. आंबेओढा, ता. कोरेगाव
दि. १६ मे १९६५

रा. रा. ड्राफ्ट्समनसाहेब, नकाशा विभाग, सांगली यांस,
निवृत्त हवालदार धोंडीबा याचा नमस्कार.

आपल्या कारखान्याने चाचणीसाठी पाठवलेला लहान ट्रॅक्टर गेल्या सोमवारी ट्रकातून इथे पोचला. सोबत फिटर कृष्णात हाही पोचला. तो जेवतो भरपूर, बाकी तक्रार नाही.

मालकांच्या पत्रात हुकूम आहे की दर पंधरा दिवसांनी शेतकऱ्याने स्वहस्ते रिपोर्ट लिहून नकाशा विभागाकडे धाडावा. नकाशा विभागात कोण बसतो हे मला ठाऊक आहे. तो माझा मुलगा आहे आणि गेली तीन वर्षे आमचे बोलणे नाही. परंतु मी बावीस वर्षे सरकारची खेचरे सांभाळली, आणि हुकूम असून रिपोर्ट लिहिला नाही असे एकदाही झाले नाही. तेव्हा हा रिपोर्ट ड्राफ्ट्समनला आहे, मुलाला नाही. दोघांनीही नोंद घ्यावी.

नमुना पाहिला. उंचीने माझ्या छातीला लागतो. आमच्या गावचे बागायतदार लालासाहेब यांचा विलायती ट्रॅक्टर सगळा ओतीव आहे, त्यावर चढताना देवळाची पायरी चढल्यासारखे वाटते. आपल्या नमुन्याचे नाक पत्र्याचे, चाकांवरचे पंख पत्र्याचे आणि बैठकही दाबलेल्या पत्र्याची. बोटाने वाजवून पाहिले तर रॉकेलच्या डब्याचा आवाज आला. मी कृष्णातला विचारले, सांगलीतले लोखंड संपले काय?

तो म्हणाला, "न्हाई तात्या, मुद्दाम हलका केलाय. जड ट्रॅक्टर चार येळा रानात फिरला की माती दाबून पार दगुड करतुया. ह्येचं तसं न्हाई."

हे उत्तर त्याला कोणीतरी पाठ करून दिले आहे. कोणी, तेही मी ओळखले.

इंजिन एका सिलिंडरचे, डिझेलवरचे, म्हणजे विहिरीवरच्या इंजिनाचा सख्खा भाऊ. पहिल्याच हँडलला सुरू झाले. लिहिणे भाग आहे म्हणून लिहिले. मागच्या बाजूला औजार उचलण्याची सोय तेलाच्या दाबावर आहे. बैठकीजवळची एक दांडी ओढली की अख्खा नांगर आपोआप जमिनीतून वर येतो, ढकलली की खाली जातो. ही दांडी मी सतरा वेळा ओढून पाहिली. चाचणी म्हणून.

एकंदर मत: खेळणे बरे आहे.

आपला,
धोंडीबा

ता. क. घरातून विचारणा आहे की आपल्या खानावळीत रात्री भाकरी मिळते की चपाती. ही विचारणा रिपोर्टाचा भाग नाही. उत्तर आल्यास पोचते करीन.


दि. ३० मे १९६५

ड्राफ्ट्समनसाहेब यांस नमस्कार.

आपल्याकडून भाकरी-चपातीबद्दल उत्तर नाही. नकाशा विभागाला तेवढे सोडून सगळे मोजता येते असे दिसते. असो.

तक्रार पहिली. परवा मुरमाड पट्टीत नांगरत असताना फाळ अडकला आणि ट्रॅक्टरने पुढची दोन्ही चाके उचलली. कृष्णात ओरडला. बांधावरून आमच्या घरची येसूबाई ओरडली. मी ओरडलो नाही, मी बाजूला झालो. कृष्णातने दांडी ओढून नांगर वर घेतला तेव्हा कुठे चाके जमिनीला लागली. घोडे कुठे पेंड खाते ते मी तिथेच पाहिले. नांगर जोडायचा आकडा उंच आहे. ओढ जमिनीलगत पाहिजे. पलटणीत नव्या भरतीच्या पोराने खेचराला ओझे असेच उंच जोडले होते, तो पोरगा आणि ते खेचर दोघेही ओढ्यात सापडले. आकडा चार बोटे खाली घ्यावा.

तक्रार दुसरी. उसात चाके सरीत पडत नाहीत, बुडख्यांवर चढतात. कृष्णात म्हणतो, चाकांचे अंतर पुस्तकाप्रमाणे आहे. पुस्तक लिहिणाऱ्याने आंबेओढ्यात ऊस लावला नसावा. आमची सरी बैलजोडीच्या मापाने पडते आणि ते माप माझ्या आज्यापासून बदललेले नाही. सोबत सुतळी पाठवत आहे. तिला तीन गाठी आहेत. पहिल्या गाठीपासून दुसरीपर्यंत एक सरी, तिसरीपर्यंत दोन. सुतळी ओली करू नये, आखडते.

काल संध्याकाळी कृष्णात गोठ्यात बसून हात धूत होता. मी सहज विचारले की या नमुन्याचे पुढे काय. तो म्हणाला, "तात्या, तुमास्नी म्हाईत न्हाई व्हय? ह्यो नमुना तुमच्या जालिंदररावांनीच काढलाय, पार बुडापासनं. बेंदराच्या दुसऱ्या दिवशी मालक बघाय येणार. पास झाला तर असले वीस बनवायचे ठरलंय. न्हाई झाला तर नमुना भट्टीत, आन् जालिंदरराव माघारी गोदामात पोती मोजाय."

मी म्हणालो, बरं.

रात्री मी पुन्हा एकदा नांगराच्या आकड्याकडे कंदील घेऊन पाहिले. चार बोटे नको, पाच घे. तू लहानपणापासून माप कमीच धरतोस. येथे "आपण" असे वाचावे.

धोंडीबा


दि. २७ जून १९६५

जालिंदर यास,

मागच्या पंधरवड्याचा माझा रिपोर्ट "ठीक" एवढाच होता, त्याचं कारण कोळपणीची घाई. राग नव्हता. खाली सविस्तर लिहितो.

पार्सल पोचलं. आकडा आता खाली आला आणि ट्रॅक्टर चारी पायांवर चालतो. चाकांची युक्ती मात्र मला रात्री झोपेतही दिसली. तू चाकाच्या मधली तबकडी अशी वाकवून पाठवलीस की सरळ बसवली तर चाक बाहेर, उलटी बसवली तर आत. चार बोल्ट काढले, तबकडी फिरवली, आणि चाकं बरोबर माझ्या सुतळीच्या गाठींवर! मी सरीत चालत मागून गेलो. एका बुडख्याला धक्का नाही. लालासाहेब बांधावर उभे होते, म्हणाले, "धोंडीबा, पोरगं हुशार निघालं रं तुझं." मी म्हणालो, सुतळी माझी होती.

कृष्णातने मला मागचा भाग उघडून दाखवला. पूर्वी चाकांच्या दांड्याभोवती तेल अडवायला लोकरीचा नमदा घालत, तो तेल पिऊन पिऊन शेवटी गळायचा. त्याऐवजी तू रबराची कडी घातली आहेस. मालकांचा रबरावर विश्वास नाही म्हणे. माझाही नव्हता, रबर चपलेला ठीक. पण सहा आठवडे झाले, मी रोज सकाळी खाली वाकून बोट फिरवतो, बोट कोरडं. ब्रेकही उघडेच ठेवलेस, असं कृष्णात म्हणतो, वजन वाचावं म्हणून. माती बसते, पण झाडली की जाते. उतारावर भरलेली ट्रॉली घेऊन कृष्णात येतो आणि हव्या त्या जागी थांबतो. मालकांना हेच दाखवायचं आहे असं तो म्हणाला.

आता तुझ्या आईने सांगितलं आहे की या पत्रात तीन वर्षांपूर्वीचा विषय काढलाच पाहिजे, नाही तर पाकिटावर ती तिकीट लावू देणार नाही.

तू म्हणाला होतास की बैलांच्या शेपटीकडे बघत माझा जन्म जायला नको. मी म्हणालो होतो की लोखंडामागे जातोस तर लोखंडाच्याच घरी राहा, माझ्या उंबऱ्यात पाय ठेवू नकोस. दोघेही जरा जास्तच बोललो. पण मी हवालदार. दिलेला हुकूम मागे घ्यायला मला वरून हुकूम लागतो. घरात माझ्या वर येसूबाईच आहे आणि तिने तो कधीच दिलेला आहे. माझं मन अजून सलाम ठोकत नाही, एवढंच.

विषय काढला. तिकीट मिळालं.

हरण्या आणि पाखऱ्या मजेत आहेत. त्यांचं निम्मं काम हा पठ्ठ्या करतो, त्यामुळे दोघांच्या मानेवरचे घट्टे उतरायला लागले आहेत. ट्रॅक्टर आता गोठ्यातच उभा असतो, त्यांच्या पलीकडे. बाहेर पावसात ठेवायला मला बरं वाटेना. पत्रा आहे ना, गंजेल.

बेंदूर बारा जुलैचा, सोमवारी; हरण्या-पाखऱ्याच्या सणाला पोळ्या होतील. मालक तेराला येणार. सगळं ठीक होईल, तू जेवत जा.

तात्या


दि. १४ जुलै १९६५

चि. जालिंदर यास,

काल जे झालं ते तुला मालकांकडून कळलंच असेल. माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो.

पावसाने आठ दिवस उघडीप दिली होती, रान वाफशावर होतं. मालक, कारखान्याचे दोन इंजिनिअर आणि आसपासच्या गावांचे पंधरा-वीस बागायतदार आले. येसूबाईने सगळ्यांना बेंदराच्या उरलेल्या पोळ्या वाढल्या. उसातली कोळपणी अशी झाली की लोकांनी टाळ्या दिल्या. नांगरटही झाली. मालक माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "हवालदार, तुमचे रिपोर्ट आम्ही ऑफिसात मोठ्याने वाचतो."

मग ट्रॉलीत दगड भरले आणि कृष्णात उतारावरून निघाला. वडाखाली चुन्याची रेघ मारली होती, तिथे थांबायचं होतं. त्याने ब्रेक दाबला. ट्रॅक्टर थांबला नाही. त्याने दोन्ही पायांनी दाबला. "तात्या, बाजूला व्हा!" असं ओरडत तो रेघेवरून गेला, मालकांच्या खुर्चीजवळून गेला, आणि लालासाहेबांच्या कडब्याच्या गंजीत नाकापर्यंत शिरला. देवाची कृपा, कोणाला खरचटलंही नाही. लालासाहेबांचा फेटा तेवढा गंजीच्या टोकावर जाऊन बसला आणि ते फेट्यालाच शिव्या देत राहिले.

कृष्णातने ब्रेक उघडला. पट्टे तेलकट झालेले. मोठे इंजिनिअर लगेच म्हणाले, रबराची कडी फुटली, आतलं तेल ब्रेकवर उतरलं. मालकांचा चेहरा मी पाहिला.

कृष्णातने पट्टा हुंगला. म्हणाला, "सायेब, ह्येला हळदीचा वास येतुया."

मालक म्हणाले, "अरे, सांगलीत माझ्या ऑफिसच्या फायलींनाही हळदीचा वास येतो. दारासमोर बाजारपेठ आहे. तू मला कारणं सांगू नकोस."

मी तिथेच उभा होतो. कारण समजत नाही. उतार जरा जास्त होता. कृष्णातने नवे बूट घातले होते, ते घसरले असतील. शिवाय लोकांनी फार कौतुक केलं, दृष्ट लागली असेल.

ट्रॅक्टर ट्रकात घालून घेऊन गेले. गोठ्यात त्याची जागा मोकळी आहे. हरण्या सकाळी तिकडे बघत होता.

तात्या


दि. १८ जुलै १९६५

चि. जालिंदर,

कृष्णातचं कार्ड आलं. तुला नकाशाच्या टेबलावरून उठवून गोदामात पाठवलं आहे म्हणे. महिनाअखेर नमुना मोडून त्याचं लोखंड भट्टीत जाणार. तू कोणाशी भांडलास नाही, रबराची कडी सुटी करून रुमालात बांधून ठेवलीस आणि तिच्यात दोष कुठे आहे ते रोज बघत बसतोस.

दोष नाही तिच्यात. बघू नकोस.

हे पत्र मी चौथ्यांदा लिहायला घेतलं आहे. पहिलं चुलीत गेलं, दुसरं फाडलं, तिसरं मी तुझ्या आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली, "ह्यात खरं कुठाय?" तेवढंच बोलली, बाकी चार दिवस ती माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते, पण पाटावर ताट जरा जोरातच आदळते. खाई त्याला खवखवे, तसं माझं झालं आहे. कोणी नुसतं "काय तात्या" म्हटलं तरी मी दचकतो.

सरहद्दीवरच्या लढाईत माझ्या तुकडीतलं एक खेचर दरीत गेलं होतं. दोष माझा होता, मी पट्टा ढिला बांधला होता. कॅप्टनसमोर उभं राहून मी ते सांगितलं तेव्हा मला तेवीस वर्षं होती आणि भीती वाटली नाही. आता सत्तावन्न आहेत, आणि एका कारखान्याच्या मालकाला पत्र लिहायचं तर दौतीचं झाकण उघडवत नाही. त्याचं कारण मालक नाही. त्या पत्राची नक्कल तुला पाठवावी लागेल, हे आहे.

उद्या लिहितो. आता नक्की.

तात्या


दि. १९ जुलै १९६५
(मालकांना पाठवलेल्या पत्राची नक्कल. तुझ्या माहितीसाठी. वाचून हसायचं असेल तर हस.)

रा. रा. मालकसाहेब, सांगली यांस,
निवृत्त हवालदार धोंडीबा याचा रामराम.

मी आपल्याला चौदा दिवसांच्या अंतराने रिपोर्ट धाडले. त्यांतला शेवटचा राहून गेला होता, तो हा.

आपल्या ट्रॅक्टरच्या ब्रेकवर इंजिनिअरसाहेबांना जे तेल दिसलं, ते तेल नव्हतं. ते लोणी होतं. पावशेर, म्हशीचं, हळद घालून. रबराच्या कडीतून एक थेंबही गळलेला नाही. मी रोज बोट लावून पाहत होतो, मी साक्षीदार आहे. आपल्या फिटरने हळदीचा वास अगदी बरोबर ओळखला होता. ती हळद सांगलीच्या बाजारातली नसून माझ्या वाफ्यातली होती.

आता हे कसं झालं ते सांगतो.

बेंदराच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढून त्यांचे खांदे दुखावतात, म्हणून संध्याकाळी कोमट पाण्याने धुऊन हळद आणि लोणी लावून मळायचे. त्या संध्याकाळी कृष्णात कोरेगावला डिझेल आणायला गेला होता. मी हरण्याचे खांदे मळले, पाखऱ्याचे मळले. वाटीत लोणी उरलं. पलीकडे ट्रॅक्टर उभा होता. पाऊण दिवस उसात राबून आलेला, अजून अंगात ऊब होती. साहेब, जनावरांत जन्म गेलेला मी माणूस. राबून आलेलं कोणी गोठ्यात उभं असेल आणि माझ्या हातात लोणी असेल तर मला पुढे जाववत नाही.

खांदा कुठे असेल याचा मी विचार केला. बैल पुढून ओढतो, म्हणून त्याचा खांदा पुढे. हा मागून ओढतो, तेव्हा ओझं जिथे पडतं तो खांदा मागे, चाकांच्या आत. तिथे दोन्ही बाजूंना गोल, जरा फुगीर भाग हाताला लागला. त्यावर एक पट्टा होता. मला वाटलं, हाच तो. जू घासतं तसा पट्टा घासत असणार. मी मन लावून मळलं. पट्ट्याखालीही बोटं घातली, बैलाच्या जुवाखाली घालतो तशी. उजव्या बाजूला जरा जास्तच लावलं, कारण उजवं चाक नांगराच्या तासात, म्हणजे चरात, चालतं आणि तिकडे जोर जास्त पडतो.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. त्या पट्ट्याचं काम घासणं हेच आहे, हे मला तेराला, गंजीत शिरलेला ट्रॅक्टर पाहून कळलं. कृष्णातने हळद म्हटलं तेव्हा मी पुढे येऊन बोलायला हवं होतं. बोललो नाही. पंधरा-वीस गावकऱ्यांसमोर "मी ट्रॅक्टरला लोणी लावलं" म्हणायची मला लाज वाटली. त्या लाजेपायी तुम्ही माझ्या मुलाला गोदामात बसवलंत.

आपल्याला वाटेल, म्हातारा मुलाला वाचवायला गोष्ट रचतो आहे. तर तपास करावा. पट्टे रॉकेलने धुऊन उतारावर पुन्हा चालवून पाहावं. कडी तशीच ठेवावी. थांबला नाही तर मी सांगलीला येऊन आपल्या फाटकात उभा राहीन, हवी ती शिक्षा द्यावी.

एक गोष्ट राहिली. इंजिनिअरसाहेब विचारतील की लोखंडाला लोणी लावण्याचं या माणसाला सुचलंच कसं. त्यांना सांगावं की परक्याच्या बैलाची खांदेमळणी कोणी करत नाही. लालासाहेबांचा मोठा ट्रॅक्टर गावात सहा वर्षं आहे, त्याला मी कधी बोटही लावलेलं नाही. हा माझ्या जालिंदरने केला होता. तो माझ्या गोठ्यात, माझ्या बैलांच्या रांगेत उभा होता. तीन वर्षं मी पोराच्या खांद्यावर हात ठेवलेला नाही. त्या संध्याकाळी तो समोर नव्हता, त्याने केलेलं लोखंड समोर होतं.

कळावे.

धोंडीबा,
निवृत्त हवालदार


दि. ८ ऑगस्ट १९६५

चि. जालिंदरास तात्याचे अनेक आशीर्वाद.

मालकांचं पत्र पोचलं आणि दुसऱ्याच दिवशी तुझं. आधी मालकांचं सांगतो, कारण तुझ्याबद्दल लिहायला मला जास्त जागा लागेल.

त्यांनी लिहिलं आहे की माझं पत्र त्यांनी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा इंजिनिअरांना बोलावून. मग पट्टे धुतले, तीच रबराची कडी, तेवढाच उतार, दीडपट दगड, आणि ट्रॅक्टर रेघेवर खिळला. तेवढ्यावर विश्वास बसेना म्हणून इंजिनिअरांनी खानावळीतून लोणी आणवून पुन्हा पट्ट्याला फासलं आणि ट्रॅक्टर कारखान्याच्या कुंपणात घातला. याला म्हणतात तपास! वीस ट्रॅक्टर बनणार, पत्र्याचेच, रबराच्या कडीचेच. पहिला मला चालवायला द्यायचा आणि मी रिपोर्ट लिहीत राहायचं. खाली त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं आहे, "जालिंदर आपल्या टेबलावर परत बसला." हे वाक्य मी येसूबाईला चार वेळा वाचून दाखवलं. पाचव्यांदा तिने कागद माझ्या हातातून घेतला आणि देवाच्या फळीवर ठेवला. तिला वाचता येत नाही, पण ओळ कुठली ते तिने बोट ठेवून विचारून घेतलं.

ती आता माझ्याशी बोलते. म्हणाली, "लोनी लावलं त्येचं न्हाई मला काय. पन सा दिस गप बसलासा, त्येचा राग आला." मी म्हणालो, बरोबर आहे. काल तिने माझ्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला आणि पदर तोंडाला लावून हसत आत गेली. गावात सगळ्यांना कळलं आहे. लालासाहेब मला रस्त्यात थांबवून आपले गुडघे दाखवतात आणि म्हणतात, "धोंडीबा, जरा मळून दे रं गड्या, लय दुखत्यात." चालायचंच.

आता तुझं पत्र.

तीन वर्षांनी पहिलं पत्र लिहिलंस आणि त्यात प्रश्न विचारलास की लोणी दोन्ही बाजूंना किती किती लावलं होतं! मी हसलो, मग जरा वेळ ओट्यावर जाऊन बसलो. माझा पोरगा आहे, दुसरं काय लिहिणार? उत्तर असं: डावीकडे दोन गोळे, उजवीकडे तीन. तूपही थोडं होतं, ते मी मालकांना लिहिलं नाही.

नकाशाही नीट पाहिला. ब्रेकवर तू पातळ पत्र्याचं झाकण बसवणार आहेस, माती जाऊ नये आणि, तू लिहिलंस तसं, "आपल्यासारख्या जनावरप्रेमी लोकांनी आत हात घालू नये म्हणून". झाकण चांगलं आहे. बोल्ट तीनच ठेव, शेतात चौथा हरवतो.

शेवटी लिहिलंस की पुढच्या बेंदराला रजा काढून येतो, तात्या, तुमची हरकत नसेल तर. जालिंदर, हरकत माझी होती आणि ती मी त्या हळद-लोण्यातच पुसून टाकली. उंबऱ्याबद्दल जो हुकूम दिला होता तो मागे घेतला आहे. वरून हुकूम यायची वाट पाहिली नाही. तुझी मला फार आठवण येते. हे रिपोर्टात लिहायला जागा नव्हती म्हणून आजवर लिहिलं नाही.

पुढच्या बेंदराला ये, खांदा नेमका कुठे असतो ते दाखव. पण बेंदराला अजून अकरा महिने आहेत आणि मला तेवढा दम नाही. मिरजेहून गाडी धर आणि शनिवारी कोरेगावला उतर. मी बैलगाडी घेऊन स्टेशनात उभा आहे.

तुझा तात्या